हप्ता कुणाला पडतो? आपापल्या गावचा अनुभव सांगा

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे आणखी ६,०००. आमच्या शिवारात कितीतरी रानं बटईनं (पिकाच्या वाट्यावर) नाहीतर ठोक्यानं (ठरलेल्या रकमेवर) केली जातात, पैसा मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला पडतो. तुमच्याकडं काय चाललंय ते लिहा. कुणाचं नाव घेऊ नका.

माझंच आधी सांगतो. मी मास्तर. आयकर भरतो म्हणून मला हे पैसे नाहीत, आणि ते रास्त आहे. पण रान कसणारा धाकटा भाऊसुद्धा वडील गेल्यावर वारसाचा फेर ओढेपर्यंत, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत, ताटकळला.

तालुका औसा
मी चार एकर बटईनं करतो. बी-खत निम्मं-निम्मं, कष्ट सगळे माझे. मालक लातूरला राहतात. २०२५ च्या सप्टेंबरात पाणी हटेचना, सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. पंचनाम्याला साहेब आले तेव्हा गुडघाभर चिखलात मी उभा होतो. फोटोत मी आहे, यादीत नाव मालकाचं. माणूस भला, अर्धे पैसे आणून दिले. नसते दिले तर कुठं दाद मागणार? लेखी काहीच नाही. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा रानावर कायद्यानं हक्क लागेल, म्हणून मालक लोक कागद करायला भितात. १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा अजून त्यांच्या मनातून गेलेला नाही.

तालुका गेवराई
घरधनी वारले त्याला सहा वर्षं झाली. निंदणं, खुरपणं, फवारा मीच करते. सातबारा सासऱ्याच्या नावावर, म्हणून हप्ता त्यांना. मामंजी कधी हात आखडत नाहीत, पण किराण्यासाठी सुद्धा मागावं लागतं. मध्ये त्यांचाही हप्ता थांबला. केवायसीला त्यांचा अंगठाच उठंना, बोटाच्या रेषा घासून गेल्यात. दोनदा गेवराईला नेलं. शेवटी भाच्यानं मोबाइलवर चेहरा दाखवून ते करून दिलं.

तालुका परंडा
अतिवृष्टीचं अनुदान आलं, बँकेनं कर्जापोटी खात्याला होल्ड लावला. ऐन रब्बीच्या पेरणीत.

तालुका केज
आमचं गायरान. आजोबांनी दगड वेचून रान केलं, आता तिसरी पिढी कसतेय. १४ एप्रिल १९९० च्या आधीची आम्हा मागासवर्गीय भूमिहीन लोकांची अतिक्रमणं नियमानुकूल करायची असं शासनानंच ठरवलेलं आहे. आमची एक-ई ची (अतिक्रमणाच्या नोंदवहीतली) नोंद आहे, दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकात गुंडाळून ठेवल्यात. सातबारा निघाला नाही. त्यामुळं ना हप्ता, ना नुकसानभरपाई, ना पीककर्ज. दुष्काळ आला की गाव अनुदानाच्या यादीकडं बघतं, आम्ही ऊसतोडीच्या उचलीकडं बघतो. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याचंच नाव कुठल्या यादीत बसत नाही, याचा फार राग येतो.

तालुका निलंगा
औशाच्या दादांसाठी. पीक विम्यात बटईदाराला भाग घेता येतो, पण भाडेकरार नोंदणीकृत लागतो. मालक एवढे भले आहेत तर एका हंगामाचा करार करून बघा. ई-पीक पाहणीही (मोबाइलवरची पिकाची नोंद) चुकवू नका.

तालुका औसा
पाडव्याला बटईचं नव्यानं ठरतं, तेव्हा विचारतो. आमच्या गावात असा करार आजवर कुणी केलेला नाही.