ग्रीसचे हात धुवायचं क्रीम करतेय, बॅच बिघडली. कुठे चुकलं?

साबणवाली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी बचत गटातल्या बायकांबरोबर चार वर्षं अंघोळीचे साबण करते. धाकट्या भावाचं उद्यमनगरात इंजिनकामाचं गॅरेज आहे. तो आणि त्याच्याकडची तीन पोरं संध्याकाळी पेट्रोलने हात धुतात, मग वर धुण्याची पावडर आणि लाकडाचा भुसा. यंदा भाऊबीजेला जेवायला बसला आणि चमचा मागितला. तांबडा रस्सा भेगांना झोंबतो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चमच्याने भात कालवताना बघितलं. बोटांच्या पेरांवर उभ्या भेगा, आणि त्यांत काळं जाऊन बसलेलं.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. लिक्विड सोपच्या तयार बेसमध्ये (एसएलईएस या फेस आणणाऱ्या द्रव्याचा) 10 टक्के टर्पेंटाइन, 3 टक्के धुण्याचा सोडा आणि चाळलेली बारीक वाळू घातली. हात स्वच्छ निघाले, पण लालबुंद झाले. तिसऱ्या दिवशी बरणीत टर्पेंटाइन वर आणि वाळू तळाला. साबणातलं मला कळतं, हे मात्र वेगळंच प्रकरण दिसतंय. कोणी नीट समजावून सांगेल का?

अंबरनाथ_लॅब

ताई, मी एका लहान कारखान्याच्या लॅबमध्ये 26 वर्षं हेच केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सोडा काढा. कातडीचा सामू (पीएच) पाचच्या आसपास असतो, तुमचं 3 टक्के सोड्याचं पाणी 11 च्या वर जातं. आणि एवढं करून तो ग्रीसचं काहीच वाकडं करत नाही. खोबरेलाचा साबण होतो, कारण ते स्निग्धाम्लांचं तेल. ग्रीसमधलं तेल बहुधा खनिज, त्याचा साबण होतच नाही. तुम्ही साबण करता, तुम्हाला हे एका वाक्यात कळेल. उलट बहुतेक ग्रीसमध्ये लिथियमचा साबण आधीच असतो, तोच त्या तेलाला धरून बसलेला असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. ओल्या हाताला फेस लावला की रेषांत आधी पाणी शिरतं आणि ग्रीस खाली तसंच राहतं. हात कोरडे हवेत. त्यावर आधी तेलकट द्रव चोळून ग्रीस सैल करायचं, मग पाणी लागलं की त्याच क्रीममधलं इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) सगळं उचलून नेतं. कोकणात फणस कापताना हाताला खोबरेल लावतात ना, चिकाला तेलच सोडवतं. तत्त्व तेच. नुसतं तेल पाण्याने निघत नाही, म्हणून इमल्सिफायर.

शंभर ग्रॅमला मी असं बसवीन: हलकं लिक्विड पॅराफिन 18, आयसोप्रोपाइल मिरिस्टेट 8, लॉरिल अल्कोहोल इथॉक्सिलेट (7 मोलचं, हेच इमल्सिफायर) 9, सिटोस्टिअरिल अल्कोहोल 3, ग्लिसरिन 5, झँथन गम 0.6, अक्रोडाच्या कवचाची भुकटी 8, फिनॉक्सिइथेनॉल (क्रीम टिकवणारं) 0.9, डायसोडियम ईडीटीए 0.1, उरलेलं पाणी. झँथन आधी ग्लिसरिनमध्ये कालवा, मग पाण्यात सोडा, नाहीतर पिठल्यात बेसनाच्या होतात तशा गुठळ्या होतील आणि त्या शेवटपर्यंत फुटणार नाहीत. कण तरंगते ठेवायचं काम हाच गम करतो, तुमच्या बेसमध्ये वाळूला धरणारं कोणी नव्हतं. तेलाचा आणि पाण्याचा भाग वेगवेगळा 70 अंशांवर न्या, तेल पाण्यात ओतत घोटा. 40 च्या खाली आल्यावर भुकटी आणि फिनॉक्सिइथेनॉल. शेवटी सायट्रिक ॲसिडने सामू साडेपाच ते सहावर आणा.

वाळू नको. धारदार असते, भेगा आणखी चिरते आणि बेसिनच्या पाइपात बसते. प्लॅस्टिकचे मणी तर मुळीच नकोत, धुतलं की सरळ पंचगंगेत. अक्रोडाची भुकटी 60 ते 100 मेशची (मेश म्हणजे चाळणीचं माप, आकडा मोठा तितकी भुकटी बारीक) आणि निर्जंतुक केलेलीच घ्या, कारण वनस्पतीच्या भुकटीबरोबर बुरशी येते. फिनॉक्सिइथेनॉलमध्ये काटकसर करू नका.

टर्पेंटाइन हवा लागून जुनं झालं की ॲलर्जी करतं. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीनही तसंच. ते ग्रीस सुरेख सोडवतं आणि कोणीतरी सुचवेलच, पण फाटलेल्या हातांसाठी मी ते घेणार नाही.

पाना_बारा_तेरा

ताई, माझं नाशिकला गॅरेज आहे. आम्ही पेट्रोल का वापरतो, तर ते हाताशी असतं आणि अर्ध्या मिनिटात काम होतं. तुमचं क्रीम डब्यात दिलंत तर आठ दिवसांनी डबा तसाच दिसेल. काळ्या हाताने झाकण कोण फिरवणार? नळाशेजारी भिंतीला दाबायचा पंप लावा.

आणि एक जुनी युक्ती. सकाळी काम सुरू करायच्या आधी ओल्या साबणाच्या वडीवर दहाही नखं खरवडायची. नखांत साबण भरला की ग्रीस शिरायला जागा राहत नाही. उस्तादांनी शिकवलंय, अजून करतो.

कारखान्यातली_सिस्टर

पेट्रोल आजपासून बंद करा, क्रीम जमेल तेव्हा जमेल. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये 1 टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं, आणि बेंझिनने रक्ताचा कॅन्सर होतो. ते कातडीतूनही आत जातं. शिवाय पेट्रोल कातडीची स्वतःची चरबी ओढून घेतं, भेगा त्यातूनच पडतात. माझ्याकडे ड्रेसिंगला येणाऱ्या पोरांच्या दंडांवर तेलाचे फोड असतात. ते ऑइलने भिजलेल्या बाहीमुळे येतात, तेव्हा कपडेही बघा.

उघड्या भेगांवर कुठलंही घासायचं क्रीम नको. त्या भरेपर्यंत नायट्राइलचे हातमोजे आणि रात्री पेट्रोलियम जेली. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज दोनदा लावून धुवा. पुरळ आलं नाही तरच पुढे.

साबणवाली_कोल्हापूर

तीन आठवड्यांनी लिहितेय. भावाने मोजे घातले, पेट्रोलची बाटली मी स्वतः घरी घेऊन आले. अंबरनाथच्या दादांनी दिलेल्या प्रमाणाने 500 ग्रॅमची बॅच केली, आठवडाभर आधी माझ्या हातावर बघितली. काल भेगा भरल्यावर त्याने पहिल्यांदा लावलं. कोरडे हात, सुपारीएवढं क्रीम. चोळता चोळता ते राखाडी झालं, मग काळं. मी वरून थोडं पाणी सोडलं तशी त्याच्या हातावर दुधाळ लाट फिरली, आणि नळाखाली धरल्यावर तळहाताच्या रेषा दिसल्या, गुलाबी. तो बराच वेळ हात उलटसुलट करून बघत राहिला. मला बोलायला काही सुचेना.

अडचण एकच. पंप आणला, पण भुकटी त्यात अडकते. आणि हे विकायचं म्हटलं तर?

अंबरनाथ_लॅब

ताई, हे वाचून फार बरं वाटलं. पंप रुंद तोंडाचा घ्या, जाड क्रीमचा मिळतो. भुकटी 100 मेशची घेऊन 6 टक्क्यांवर आणा. विकायचं तर 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे राज्याच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) उत्पादन परवाना लागतो, त्याआधी एकही बाटली बाहेर देऊ नका. तोवर एक बरणी 45 अंशांवर महिनाभर ठेवून थर फुटतो का बघा. आणि धुलाईची चाचणी वापरलेल्या इंजिन ऑइलने करू नका, ते कातडीला घातक. नव्या ग्रीसमध्ये काजळी कालवून करा. 1 ग्रॅम ग्रीसला 3 ग्रॅम क्रीम, अर्धा मिनिट कोरडं, अर्धा मिनिट पाण्याने, मग पांढऱ्या मांजरपाटाला हात पुसायचा. प्रत्येक बॅचचा कापडाचा तुकडा तारीख घालून जपून ठेवा.