अनुभव धागा : भर सभेत झालेला वैयक्तिक वार आणि हसून दिलेलं उत्तर

निमित्त आहे व्हॅटिनियस. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला रोमन राजकारणी, मानेवर गाठी, पाय अधू. भाषणात विरोधकाच्या शरीरावरून, घराण्यावरून बोलणं रोममध्ये सर्रास चाले. हा गडी आपल्या पायांवर आणि मानेवर स्वतःच आधी विनोद करायचा. रोमन तत्त्वज्ञ सेनेका लिहितो, त्यामुळे तो शत्रूंच्या, विशेषतः नामवंत वक्ता सिसरोच्या जिभेतून निसटला. रोमन मंडळींची अशी एखादी गोष्ट तुमच्या कामी आली आहे का? जरूर लिहा.

•

माझं आडनाव एका भाजीचं. शाळेत हजेरीला रोज हशा. मोठेपणी वाचलं, ‘सिसरो’ हे नाव हरभऱ्यावरून आलेलं. सिसरो राजकारणात शिरताना त्याचे मित्र म्हणाले, नाव बदल. तो म्हणाला, हेच नाव मोठ्या घराण्यांच्या नावांपेक्षा गाजवीन. सिसिलीत अधिकारी असताना देवाला चांदीचं पात्र वाहिलं, त्यावर पहिली दोन नावं कोरली आणि तिसऱ्याच्या, म्हणजे ‘सिसरो’च्या जागी हरभऱ्याचा दाणा! माझ्या दुकानाच्या पाटीवर आडनाव ठळक आहे, शेजारी त्या भाजीचं चित्र. पेंटरने दोनदा विचारलं, नक्की ना?

•

वकिली करतो. पोलिओमुळे डावा पाय आखूड. एकदा समोरचे वकील म्हणाले, “जरा सरळ उभे राहून बोला.” मला रोममधला लामिया आठवला. तो कुरूप होता. त्याला टोमणा मारत क्रॅसस हा वक्ता म्हणाला, “ऐकू या या देखण्या पोराचं.” लामिया उत्तरला, रूप घडवणं माझ्या हाती नव्हतं, बुद्धी घडवणं होतं. मीही तेच म्हणालो, रूपाच्या जागी पाय घालून. पण सिसरोने पुढचंही नोंदवलंय. क्रॅसस लगेच म्हणाला, “मग या वक्त्याचं ऐकू या,” आणि हशा आणखी वाढला. म्हणून मी उत्तर देऊन थांबलो नाही, तडक मुद्द्यावर आलो.

•

ग्रामपंचायत सदस्य आहे. “हे बाईचं काम नव्हे,” असं कुणी म्हणालं की मला सीझर आठवतो. भर सिनेटमध्ये त्याला ‘बाई’ म्हणून हिणवलं, तर तो हसत म्हणाला, सीरियावर राणी सेमिरामिसने राज्य केलं, दंतकथांतल्या लढवय्या ॲमेझॉन स्त्रियांनी आशियाचा मोठा भाग ताब्यात ठेवला होता. असं उत्तर कुणाला बोचत नाही.

पण एकदा माझा तोल गेला. सिसरोचा विरोधक मेटेलस नेपोस त्याला सारखा विचारायचा, “तुझा बाप कोण?” सिसरो म्हणाला, “तुझ्या बाबतीत हे उत्तर तुझ्या आईने अवघड करून ठेवलंय.” तशाच धर्तीचं मी बोलले, विरोधकाच्या बायकोवरून. सभा हसली, तोही हसला. ती मात्र तेव्हापासून हळदीकुंकवाला आलेली नाही. सभेत ती नव्हतीच. मेटेलसची आईही तिथे नसणार. या संक्रांतीला वाण घेऊन मीच तिच्या दारी जाणार आहे.