बोट दाखवू नको, कुजेल! : परसातल्या भाजीचे अनुभव

भुईचाफा
गेल्या रविवारी गच्चीत ड्रमात लावलेल्या दुधीला पहिलं फळ धरलं. अंगठ्याएवढं, लवदार, टोकाला सुकलेलं फूल. लेक (वय वर्षं 6) ओरडली, "आई, तो बघ दुधी!" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "बोट दाखवू नको, कुजेल! वाकवून दाखव." तीसेक वर्षांत हे वाक्य मी उच्चारलं नव्हतं. आजीचं ते.

आजीचं परस म्हणजे मोरीच्या मागची दीड खोलीभर जागा. मोरीचं पाणी आधी अळूत, तिथून केळीच्या आळ्यात. भांडी राखेनं घासलेली, त्यामुळे त्या पाण्याचं कुणाला काही वाटत नसे. मांडवावर पडवळ, आणि प्रत्येक पडवळाच्या टोकाला सुतळीनं बांधलेला खडा, नाहीतर ते वेटोळं करून बसतं. खडे शोधायचं काम आम्हा भावंडांचं. मोठा आणला की "पडवळ तुटेल रे मेल्या", लहान आणला की "यानं काय मुंगी सरळ होणार?"

तर गुरुवारी दुधी पिवळा पडून गळाला. लेक अशी बघतेय जणू खून तिनंच केला. सांगा तुमच्या परसातल्या गोष्टी. बोटाचंही काय ते सांगा.

काकडीचोर
लेकीची निर्दोष मुक्तता करा. ते मादी फूल होतं (देठाशी इवलासा दुधी असतो ना, तेच), त्याला पराग मिळाला नाही म्हणून गळालं. दुधीचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलतं, रात्रीचे पतंग ते काम करतात. कितवा मजला?

भुईचाफा
सातवा 🙈

काकडीचोर
मग कोण पतंग येतोय लिफ्टनं. संध्याकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. दोडक्याचंही संध्याकाळीच. भोपळ्याचं मात्र सकाळी लवकर, चहाच्या आधी. आणि सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, तेव्हा वेल वांझ म्हणून उपटू नका. मी उपटलाय.

मिरचीठेचा
आमच्याकडे हे खातं नवऱ्याकडे. रोज सातला फूल घेऊन गॅलरीत. सासूबाई शेजारणीला सांगतात, "मुलगा मुहूर्त लावतोय."

नागपूरकडचा
आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. वांगे, आंबाडी, सांबार. बायको पुण्याची, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिला म्हटलं सांदवाडीतून थोडा सांबार घेऊन ये. पातेलं घेऊन निघाली.

मिरचीठेचा
पातेलं 😂😂 ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी, विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.

तांबडामाठ
आमच्या कोल्हापूरकडं परडं. "परड्यात जाऊन ये" म्हटलं की दोन अर्थ व्हायचे, पूर्वीची गोष्ट आहे. पाव्हण्यांसमोर फार जपून बोलायला लागायचं.

ओटीवरून
कोकणातून लिहितोय, माझा अनुभव थोडक्यात: वांदर.
भेंडी लावली, वांदर. वांगी, वांदर. पपई तर विचारूच नका. सुरण जमिनीत असतो, तो तरी वाचेल म्हटलं तर रात्री डुक्कर. आता फक्त हळद लावतो. पावसात गोगलगायी वेगळ्याच. रात्री विजेरी आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन मी आणि मुलगा वेचायला जातो. परवा दोनशेपर्यंत मोजल्या, मग कंटाळलो. वडील म्हणायचे गाव सोडू नको. म्हणून आहे.

काकडीचोर
दादा, शेवटची दोन वाक्यं वाचून हसावं की काय कळेना.

बर्फातलीभेंडी
न्यू जर्सी. आमच्याकडे मृग नक्षत्र नाही, 15 मे. तोवर दव गोठायची भीती, म्हणून रोपं घरातच खिडकीत, आणि घरभर माती. भेंडी छान येते पण दोन दिवस लक्ष गेलं नाही की लाकूड. वांदर नाहीत, हरणं आहेत. तेच ते.
गंमत म्हणजे शेजारी अंगणातून जे तण उपटून फेकतो ती चक्क घोळ आहे! मी मागून आणली, डाळ घालून केली. त्याला वाटलं हिच्याकडे ससे आहेत.

माजघर
आई मागच्या वर्षी गेली. तिनं लावलेली तोंडली अजून धरतेय. बाबांना तोंडली आवडत नाही. रोज तोडतात, पिशवी भरून वॉचमनला देतात, आणि पुन्हा पाणी घालतात. यापुढे लिहवत नाही.

भुईचाफा
❤️ नका लिहू. बाबांना नमस्कार.

तांबडामाठ
माजघर ताई, त्या वेलाची पेन्सिलीएवढी जाड फांदी पावसात दुसऱ्या कुंडीत लावून ठेवा. तोंडली फांदीवरनंच लावतात, बियांच्या नादी लागू नका. जुना वेल कधी बसला तरी तोच वेल राहील तुमच्याकडं.

माजघर
आजच लावते.

जुनीसुतळी
बियांवरून. आमची आजी सगळ्यात चांगला दोडका मांडवावरच सोडायची, कुणी हात लावायचा नाही. वाळून खुळखुळा झाला की उतरवायचा. भोपळ्याच्या बिया शेणात कालवून भिंतीवर थापायची. पावसाच्या तोंडावर गोवरी फोडली की बी तयार, किडीचं नाव नाही. बीजमाता राहीबाई पोपेरेंना (अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या) 2020 ची पद्मश्री मिळाली तेव्हा काका म्हणाले, "आपल्या म्हातारीला आपण वेड्यात काढत होतो." भिंत तर आम्हीच 2004 साली पाडली. टाइल्स बसवल्या.
आता पाकिटातलं बी आणतो. गेल्या वर्षी टपोरे टोमॅटो आले, त्यांचं बी धरलं, यंदा बोराएवढे. पाकीट संकरित होतं, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं. चष्मा लावून वाचायला हवं होतं.

गॅलरीतलाशेतकरी
मावा!!! चवळीवर काळा मावा. काय करू? पटकन सांगा

मिरचीठेचा
आधी पाण्याचा जोरदार फवारा, पानाच्या मागून. मग निंबोळी तेल 5 मिली आणि साबणाचे थेंब लिटरभर पाण्यात, उन्हं उतरल्यावर. आणि मुंग्या बघा. त्या माव्याला राखतात, गुराखी गुरं राखतो तशा.

गॅलरीतलाशेतकरी
आंबट ताक चालेल का? घरात निंबोळी नाही, ताक आहे

मिरचीठेचा
ताक तुम्ही प्या, फवारा मारा.

सोलकढी
मला एकच सांगायचंय. ऋषिपंचमीला बाजारातून ऋषीच्या भाजीचा वाटा आणते आणि दर वर्षी सासूबाई विचारतात, "बैलाचं नाही ना हे?" बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही ना, परसातलंच चालतं. ट्रॅक्टरचं आहे म्हटलं. तर त्या विचारात पडल्या. अजून पडल्यात.
यंदा निदान अळू तरी घरचं हवं. कुणाकडे काळ्या देठाच्या वडीच्या अळूचा कंद आहे का? ठाणे, डोंबिवली कुठेही येईन.

नागपूरकडचा
ट्रॅक्टरचं 🤣

ओटीवरून
अळू आहे माझ्याकडे, वांदर त्याला शिवत नाहीत, त्यांनाही खाजतं. गणपतीला येताय का इकडे?

सोलकढी
खाजरं नको हो!

ओटीवरून
खाजत नाही. चिंच सढळ घाला. वांदरांकडे चिंच नसते.

भुईचाफा
काल संध्याकाळी आम्ही दोघींनी मुहूर्त लावला. फूल लेकीच्या हातात, खुर्ची मी धरलेली. तिनं विचारलं, आता बोट दाखवू का? मी म्हटलं दाखव की. तरी वाकवूनच दाखवलं कार्टीनं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, बाकीचं नंतर वाचते.

गॅलरीतलाशेतकरी
फवारा मारला. खालच्या मजल्यावरच्या काकूंची चादर वाळत होती. आता काय करू?