मुलींना करिअरची वाट शोधायला मदत: मार्गदर्शक ताई कशा जोडाव्यात?

प्रश्न (प्राध्यापिका, सांगली)
कला आणि विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या ३० मुलींसाठी ऑगस्ट ते जानेवारी उपक्रम घ्यायचा आहे. निम्म्या जणी तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून एसटीने येतात. पुढे काय विचारलं की बहुतेकींचं उत्तर एकच, एमपीएससी नाहीतर बी.एड. व्याख्यानमाला ठेवावी की मार्गदर्शक द्यावेत? कोणाला घ्यावं?

मिरजकर
व्याख्यानमाला नको. मुली टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. एका ताईकडे तीन-चार मुली द्या, म्हणजे आठ-दहा ताई लागतील. एकीला एक ताई दिली आणि ती ताई दोनदा आली नाही, की ती मुलगी उपक्रमातून गळते.

ताई पाच ते दहा वर्षांनीच मोठी असावी. मोठ्या हुद्द्याच्या बाई समोर असल्या की मुली नुसतं ‘हो मॅडम’ म्हणतात. शिवाय सगळ्या ताई सरकारी नोकरीतल्या नकोत, नाहीतर एमपीएससीचाच ठसा पक्का होतो. मिरजेच्या दवाखान्यातली लॅब टेक्निशियन, कुपवाड एमआयडीसीत क्वालिटी बघणारी, हळदीच्या पेढीवर हिशेब सांभाळणारी, द्राक्ष निर्यातीची कागदपत्रं करणारी, अशा शोधा.

पंधरा दिवसांतून एक भेट, तासाभराची. वेळ ठरवण्याआधी प्रत्येकीची परतीची एसटी लिहून घ्या. पाचनंतर भेट ठेवली तर गावाकडच्या मुली पहिल्या गळतात, आणि आपण समजतो त्यांना रस नाही.

पहिल्याच भेटीत ‘तुला काय व्हायचंय’ विचारू नका, पाठ केलेलं उत्तर येतं. आठवडाभर वहीत लिहायला सांगा: कुठल्या कामात वेळ गेलेला कळला नाही, कुठलं काम टाळलं. त्या नोंदींवरून तिसऱ्या भेटीपर्यंत एक कामाची जागा निवडून तिथे दिवसभर बसवा. तिने तीन गोष्टी विचारून यायच्या: दिवसाचे तास कशात जातात, सुरुवातीचा पगार किती, लग्नानंतर काम टिकलं का.

सातारारोड
नेतृत्वाचंही बघा. कार्यक्रमात मुलींकडे सूत्रसंचालन, रांगोळी आणि स्वागत. पैसे आणि परवानग्या मुलांकडे. हे उलटं करा. एका कार्यक्रमासाठी पाच जणींच्या गटाला ₹३,००० द्या. प्राचार्यांच्या परवानगीचं पत्र, तीन दुकानांची दरपत्रकं, पावत्या, शेवटचा हिशेब, सगळं त्यांचं. गटप्रमुख दर महिन्याला बदला. बिघडतं कुठे, तर शेवटच्या दोन दिवसांत शिक्षक काम स्वतःच्या हातात घेतात. कार्यक्रम थोडा फसला तरी चालेल, पण हात घालू नका.

सहल काढणार असाल तर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला जा. तिथली माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ पासून बायका चालवतात. कर्ज देताना काय बघतात, हे मुलींना तिथेच विचारू द्या.

कृष्णाकाठ
पालकसभा सुरुवातीलाच घ्या, आणि वडील किंवा भाऊही येतील असा रविवार निवडा. कामाच्या जागी पाठवण्याआधी लेखी संमती हवी. ताईंच्या भेटी कॉलेजातच ठेवा, ताई-मुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक शिक्षिका असू द्या, आणि लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं पहिल्याच दिवशी सांगा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. पण जिला खरंच एमपीएससी करायची आहे, तिचं काय?

मिरजकर
तिला परावृत्त करू नका. परीक्षा पास होऊन काम करणारी ताईच तिला द्या. फक्त तिच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या: किती प्रयत्न करणार, आणि त्या वर्षांत सोबत कमाईचं कुठलं काम शिकणार. तो कागद वडिलांसमोर तिने स्वतः वाचावा.