मदत हवी आहे: मुलं परदेशात स्थायिक झाल्यावर गावच्या घराचं तुम्ही काय केलंत?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, मलप्रभेकाठचे. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. "आई, मला इथं परकं वाटतच नाही, गावचं घर विकूया," म्हणतो. तो चुकतोय असं मी म्हणणार नाही. जिथं गेला तिथला झाला, याचं मला कौतुकच आहे.

पण मामंजी ऐकत नाहीत. 1956 साली आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आताचं कर्नाटक) गेला, तेव्हा ते शाळकरी पोर होते. अंगण न सोडता त्यांचं राज्य बदललं. पुढं कितीतरी वर्षं 1 नोव्हेंबरला ते त्याच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीत चालले. हा भाग महाराष्ट्राला मिळावा म्हणून महाराष्ट्र सरकारनं केलेला दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागेल तेव्हा घराला आपलंच कुलूप असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मला तेही पटतं!

ज्यांची मुलं बाहेर राहिली त्यांनी कृपया सांगा: घर भाड्यानं दिलंत, भावकीकडे सोपवलंत, की विकलंत? नातवंडं सुट्टीत येतात का? आजोबा आणि नातू यांना समोरासमोर बसवून बोलायला लावावं, की ते मीच हळूहळू करावं? मुलगा दिवाळीला येतोय, त्याआधी सुचवा.