भूतानची सहल तुम्ही कशी आखलीत? अनुभव सांगा

काल भाचीने तिच्या भूतान सहलीचा प्लॅन पाठवला. सीमेवरचं फुन्शोलिंग, थिंफू, पुनाखा, फोब्जिखा, बुमथांग, हा (हे गावाचंच नाव), पारो आणि प्रत्येक ठिकाणी एकेकच रात्र. खाली लिहिलंय, "मावशी, एवढासा तर देश, होईल ना सगळा?" ते वाचलं आणि दोचुला खिंड आठवली. वर पोचलो तेव्हा नुसतं धुकं. तिथले १०८ छोर्तेन, म्हणजे छोटे स्तूपसुद्धा धड दिसत नव्हते. ड्रायव्हरदादा म्हणाले, चहा घ्या, थांबू. थांबलो. बऱ्याच वेळाने ढग सरकले आणि समोर हिमशिखरांची अख्खी रांग! पुढच्या गावी पोचायची घाई असती तर धुकं बघूनच खाली उतरलो असतो.

माझं ठाम मत आहे की तिथे किलोमीटर बघून प्लॅन करू नये, तास बघावेत. फुन्शोलिंग ते थिंफू दीडशेच्या आसपास किमी, पण पाच तास सहज जातात. सगळे घाट. भाचीला काय काय सांगू? सगळ्यांनी लिहा, लांबलचक चालेल.

रानवाट
फोब्जिखा काढू नकोस म्हणावं!! ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच येतात. पक्षी तारांना अडकू नयेत म्हणून खोऱ्यात वीज जमिनीखालून नेली आहे. एका पक्ष्यासाठी एवढं करणारी माणसं आहेत, हे बघूनच मला भरून आलं. ११ नोव्हेंबरला तिथल्या गांगटे गोम्पात (मठात) क्रौंचांचा उत्सव असतो, शाळेतली मुलं पक्षी होऊन नाचतात. तारीख जुळत असेल तर बाकी सगळं त्याभोवती बसवा. दोन रात्री तरी हव्यातच, थंडी कडाक्याची. खोलीत बुखारी (शेगडी) आहे ना ते आधी विचारा.

कढीलिंब
कागदपत्रं आधी बघा. आधार चालत नाही. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र. मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला. आणि एसडीएफ, म्हणजे पर्यटकांकडून घेतलं जाणारं शुल्क, धरलाय का खर्चात? आपल्याला माणशी दर रात्री १२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मा. चौघांचं कुटुंब असेल तर एकेक रात्र जाणवते, म्हणून लोक कोंबाकोंबी करतात. मुक्काम वाढवा म्हणणं सोपं आहे हो.

धागाकर्ती
@कढीलिंब, पटलं. पण मी रात्री वाढवायला सांगत नाहीये, गावं कमी करायला सांगतेय. रात्री तेवढ्याच ठेवून बुमथांग काढलं तर जाऊनयेऊनचे दोन दिवस वाचतात. ते पुढच्या वेळी, निवांत.

सईची_आई
पोरांना गाडी लागते का? पुनाखाच्या रस्त्यावर आमची दोन्ही हैराण. आवळासुपारी, लिंबू, पिशव्या हाताशी ठेवा आणि सकाळी पोटभर नाश्ता देऊ नका. बाकीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय

पायपीट
पारोजवळचा टाकसांग मठ शेवटी ठेवा. ३१२० मीटरवर आहे, तोवर शरीराला उंचीची सवय झालेली असते. आमच्या काकू घोड्यावरून वाटेतल्या कॅफेटेरियापर्यंत आल्या, तिथून समोर कड्याला चिकटलेला मठ दिसतो. त्या तिथेच जप करत बसल्या, आम्ही वर जाऊन आलो. घोडा फक्त चढताना मिळतो, उतरताना पायीच, हे ज्येष्ठांना आधी सांगा. १९९८ च्या आगीत मठ जळाला होता, पुन्हा होता तसा बांधला. आत मोबाईल नेता येत नाही. फार बरं वाटतं त्याने.

मिरचीवाला
एमा दात्शीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही!! तिथे मिरची म्हणजे मसाला नाही, भाजी. चीजमध्ये शिजवलेली, लाल भाताबरोबर. तिखट झेपत नसेल तर केवा दात्शी मागा, बटाट्याची.

रानवाट
@मिरचीवाला घरी कोणतं चीज घालता?

निळासावळा
आईला टाकसांग बघायचं होतं. तिकिटंही काढली होती, तेवढ्यात तिचं आजारपण निघालं. ती गेली दोन वर्षांपूर्वी. सगळे प्रतिसाद वाचतोय.

सईची_आई
@निळासावळा वाचून गलबलले. जमेल तेव्हा तुम्ही जाऊन या. तिच्या नावाने दिवा लावा तिथे.

धागाकर्ती
@निळासावळा, मनापासून वाईट वाटलं. पायपीट यांच्या काकूंचा फोटो आहे तिथला, त्यांना विचारून पाठवू का?

निळासावळा
हो, पाठवा. आवडेल.

घाटपांडे_नव्हे
विमानाने पारोला उतरा आणि रस्त्याने फुन्शोलिंगला बाहेर पडा, म्हणजे तोच रस्ता दोनदा होत नाही. सीमेच्या आपल्या बाजूच्या जयगावहून हासीमारा स्टेशन जवळ आहे. दिल्लीहून जात असाल तर डावीकडची खिडकी मागून घ्या, हिमालय त्या बाजूला. आणि थिंफूनंतर पुनाखा घ्या. थिंफू २३०० मीटरच्या आसपास, पुनाखा खाली १२०० वर, उबदार. पो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर तिथला झोंग, म्हणजे किल्ल्यासारखा मठ. १६३७-३८ मधला आहे, पण मुद्दा तो नाही. वसंतात भिंतीलगत जॅकरांडा फुलतो, पांढऱ्या भिंतीवर जांभळा रंग. आम्ही नदीपलीकडे बसून दुपारभर नुसतं बघत होतो.

कढीलिंब
झोंगमध्ये जाताना पूर्ण बाह्या आणि लांब पॅंट, टोपी काढायची. मुलीच्या बॅगेत स्टोल ठेवा. तिथे घड्याळ अर्धा तास पुढे करा, नाहीतर सकाळच्या गाड्यांचा गोंधळ होतो.

भाचीच_ती
मावशीने लिंक दिली. सगळ्यांचे खूप आभार! बुमथांग आणि हा काढलं, फोब्जिखाला दोन रात्री केल्या. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ठरतोय. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना कॅफेटेरियापर्यंत तरी न्यावं का?

पायपीट
@भाचीच_ती उतरायला काठी घेऊन जमेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचार. नाहीतर खालच्या वाहनतळावरूनही मठ दिसतो, दुर्बीण ने.

मिरचीवाला
@रानवाट साधं प्रोसेस्ड चीज आणि थोडं लोणी. पाणी बेताचं, चीज शेवटी घालून झाकण ठेवा, ढवळत बसू नका.