मदत हवी आहे: डेलावेअर कंपनीच्या माजी अधिकाऱ्याचा खटल्याचा खर्च

माझी बहीण अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात नोंदलेल्या कंपनीत वित्त अधिकारी होती. आता भागधारकांनी कंपनीच्या वतीने तिच्यावर दावा लावलाय. अशा दाव्यात डेलावेअरच्या कंपनी कायद्याच्या कलम 145 नुसार कंपनी वकिलांचा खर्च भरून देऊ शकते. तडजोडीची रक्कम मात्र बहुधा विम्यातूनच येते, एवढं कळलंय. खरी चिंता आत्ताच्या बिलांची आहे. भरपाईला अपात्र ठरले तर पैसे परत करीन, असं हमीपत्र तिने दिलं. तरी नवं संचालक मंडळ आगाऊ रक्कम देत नाही, कारण उपविधी (कंपनीचा अंतर्गत नियम) नंतर बदललाय म्हणे! घटना घडल्यावर केलेल्या बदलाने तिचा हक्क जातो का? चॅन्सरी कोर्टात (डेलावेअरमधलं कंपन्यांचे वाद ऐकणारं न्यायालय) आगाऊ खर्चाचा अर्ज लवकर निकाली निघतो का? कुणी हे जवळून पाहिलं असेल तर कृपया सांगा. ती फार खचली आहे.